कोणत्या मापाचा मोरपंखी?

मराठी भाषेने रंगांना दिलेली नावे निवांतपणे न्याहाळली, तर त्यांतील बहुतेक नावे वस्तूंवरून आलेली आहेत हे सहज ध्यानात येते. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, शेंदरी, पोपटी, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी. प्रत्येक नावामागे एखादे फळ, एखादे फूल, एखादा पक्षी किंवा देवघरातला वा स्वयंपाकघरातला एखादा जिन्नस साक्षीदार म्हणून उभा असतो. कापडाच्या दुकानात एखाद्या बाईंनी ‘आमसुली रंगातले दाखवा’ असे म्हणताच गुमास्ता नेमक्या त्याच फडताळाकडे वळतो, याचे कारण हे की, त्या बाईंनी आणि त्याने तेच आमसूल आयुष्यभर पाहिलेले असते, आणि त्या सामाईक साक्षीच्या बळावर शब्द निसटत नाही व शब्दामागचा रंगही निसटत नाही. डिजिटल छायाचित्राची अडचण अशी की, त्यात रंगाचे नाव नसते आणि साक्षीदारही नसतो. असतात ते केवळ आकडे. त्या आकड्यांना साक्षीदार मिळवून देण्याची जी व्यवस्था, तिला तंत्रज्ञ कलर स्पेस म्हणतात. आपण तिला रंगक्षेत्र म्हणू. कॅमेऱ्याच्या आणि संगणकाच्या याद्यांत हे नाव आपल्याला वारंवार भेटते, त्याखाली दोन-चार पर्याय दिलेले असतात, आणि त्यांपैकी कोणता पर्याय केव्हा निवडावा हे ठाऊक नसल्यामुळे बहुतेक जण एक तर त्या वाटेला जात नाहीत, किंवा मोठा दिसेल तो निवडून मोकळे होतात.

मीही एकदा मोठा पर्याय निवडला होता. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या लग्नात छायाचित्रे काढण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. तिने नेसलेली येवल्याची पैठणी मोरपंखी होती. तिचा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे ती वळली की पदराजवळचा हिरवा निऱ्यांशी येईपर्यंत निळा होई. घरच्या संगणकावर ती छायाचित्रे इतकी जिवंत दिसत होती की, मी ती त्याच समाधानात सगळ्या नातलगांना धाडून दिली. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. “भावोजी, नवी कोरी पैठणी, आणि फोटोत अशी विटल्यासारखी का हो दिसते?” त्यांच्या मोबाइलवर मी ती छायाचित्रे पाहिली तेव्हा त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मोरपंखी रंगावर राखेचा हात फिरला होता, हळदीचा पिवळा मंदावला होता, आणि कुंकवातले तेज गेले होते. कॅमेरा चांगला होता, उजेड चांगला होता, आकडे तर तेच्या तेच होते. बदलले होते ते आकडे वाचण्याचे माप.

मापाची ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना समजावून सांगावी लागली नसती. दशमान पद्धती येण्यापूर्वी मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा मण ८२ पौंडांहून अधिक भरे. एखाद्या पेढीच्या पत्रात ‘दहा मण माल पाठविला’ एवढेच लिहिलेले असेल आणि मण कोठला ते लिहिलेले नसेल, तर पाठवणाराही प्रामाणिक आणि घेणाराही प्रामाणिक असून दोघांच्या ताळेबंदात जमीन-अस्मानाची तफावत पडावयाची. हा घोळ मिटविण्यासाठी १९५६ साली कायदा होऊन देशभर एकच मान लागू करण्यात आले. रंगांच्या राज्यात मात्र असे एकच मान आजही नाही. तेथे निरनिराळे मण अजून वहिवाटीत आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे काही इतिहास व काही सोय आहे.

छायाचित्राचा प्रत्येक बिंदू तीन आकड्यांनी लिहिला जातो: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. नेहमीच्या जेपेग फाइलीत यांतील प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंत असतो, म्हणजे प्रत्येकी २५६ पायऱ्या, आणि त्या तिन्हींच्या मेळातून १,६७,७७,२१६ छटा लिहिता येतात. तीन रंगांच्या प्रकाशातून बाकीचे रंग उभे करण्याची ही युक्ती संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका चौकडीच्या फितीची तीन छायाचित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेववून ती त्याच गाळण्यांतून पडद्यावर एकावर एक टाकली आणि श्रोत्यांना रंगीत प्रतिमा दाखविली. आजचा प्रत्येक पडदा त्याच तत्त्वावर चालतो. परंतु ‘हिरवा २५५’, म्हणजे पूर्ण हिरवा, असे म्हटले तरी तो हिरवा कोणता, कोवळ्या भाताचा की पाचूचा, हे तो आकडा सांगत नाही. ते सांगण्यासाठी आधी माणसाच्या डोळ्याचीच मोजदाद होणे अवश्य होते.

ती मोजदाद १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात डब्ल्यू. डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे केली. दोघांचे मिळून निरीक्षक अवघे १७ होते. निरीक्षकासमोर एका लहानशा वर्तुळाच्या एका अर्ध्या भागात इंद्रधनुष्यातला एकच शुद्ध रंग दाखवावयाचा, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात तांबड्या, हिरव्या व निळ्या दिव्यांचे प्रमाण कमी-अधिक करून दोन्ही अर्धांतील सीमारेषा दिसेनाशी होईपर्यंत त्याने रंग जुळवावयाचा, असा तो प्रयोग होता. त्यांत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. हिरव्या-निळ्याच्या मधले शुद्ध रंग, ज्यांना आपण मोरपंखाच्या कुळातले म्हणू, ते या तीन दिव्यांनी काही केल्या जुळेनात. जुळवावयाचे तर तांबडा दिवा उचलून समोरच्या बाजूला, मूळ रंगात मिसळावा लागे. खरे तीन दिवे कोणतेही निवडले तरी डोळ्याला दिसणारे सगळेच रंग त्यांतून निर्माण होत नाहीत, हे सत्य त्यातून निष्पन्न झाले. १९३१ साली केंब्रिज येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने या मोजणीवरून माणसाला दिसणाऱ्या रंगांचा एक नकाशा प्रमाण ठरविला. घोड्याच्या नालासारखा आकार असलेला हा नकाशा म्हणजे रंगांच्या मुलुखाची मूळ जमाबंदी होय. पुढच्या सर्व सरहद्दी त्याच्यावरच आखल्या गेल्या.

रंगक्षेत्र म्हणजे या नकाशावर आखलेला एक त्रिकोण. त्याचे एक टोक तांबडे, एक हिरवे, एक निळे. आणि त्या टोकांच्या आत जे रंग येतात तेवढेच त्या क्षेत्राला लिहिता येतात. ‘हिरवा २५५’ म्हणजे त्या त्रिकोणाचे हिरवे टोक. त्रिकोण बदलला की टोक बदलते, आणि टोक बदलले की तोच आकडा दुसऱ्या रंगाचे नाव होतो.

या त्रिकोणांतील सर्वांत प्रचलित म्हणजे एसआरजीबी. १९९६ साली हेवलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो सुचविला आणि १९९९ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्या काळी घरोघरी आणि कचेऱ्यांत जे काचेच्या नळीचे पडदे होते, त्यांना जेवढे रंग दाखविता येत होते त्यांच्याच बेताने हा त्रिकोण आखलेला आहे. म्हणून तो लहान आहे. नालाच्या नकाशाचा सुमारे एक-तृतीयांश भाग काय तो त्यात मावतो. परंतु लहान असण्याच्या बदल्यात त्याने मिळविले ते सार्वत्रिक मान्यतेचे स्थान. ज्या फाइलीवर मापाची खूण नाही ती बहुधा एसआरजीबी समजून वाचावी, असा संकेतच रूढ झाला.

दुसरा त्रिकोण ॲडोबी आरजीबी. त्याचा जन्म १९९८ सालचा, आणि त्याची कथा दप्तरातल्या नकलेच्या चुकांची आठवण करून देणारी आहे. फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीसाठी दूरचित्रवाणीच्या एका मानकाच्या दस्तऐवजातून जे आकडे उचलण्यात आले, ते त्या मानकाचे प्रत्यक्षातले आकडे नव्हते, आणि उतरवून घेताना तांबड्या टोकाच्या नोंदीत चूकही झाली. चूक लक्षात आली तोवर छापील कामासाठी तेच क्षेत्र लोकांच्या पसंतीस उतरले होते. तेव्हा ते न बदलता त्याला स्वतंत्र नाव देण्यात आले. त्याचे तांबडे आणि निळे टोक एसआरजीबीच्याच ठिकाणी आहे. फक्त हिरवे टोक पुष्कळ दूर सरकलेले आहे. त्यामुळे नालाच्या नकाशाचा सुमारे निम्मा भाग त्यात येतो, आणि जी भर पडते ती नेमकी हिरव्या व हिरव्या-निळ्या छटांत. चांगल्या शाईचे छपाईयंत्र यांतील काही छटा कागदावर उमटवू शकते, म्हणून मुद्रणाच्या धंद्यात या क्षेत्राचा मान आहे.

आता वहिनींच्या मोबाइलवर काय घडले त्याचा उलगडा होतो. एसआरजीबीमध्ये ०, १२८, १२८ असा लिहिला जाणारा एक मध्यम मोरपंखी घ्या. तोच रंग, तसूभरही न बदलता, ॲडोबी आरजीबीमध्ये लिहावयाचा झाल्यास आकडे होतात सुमारे ७२, १२७, १२७. क्षेत्र रुंद असल्यामुळे त्याचे हिरवे टोक अधिक कडक आहे, आणि तो कडकपणा मोडण्यासाठी थोडा तांबडा घालावा लागतो, म्हणून ही ७२ची नोंद. माझ्या ॲडोबी आरजीबीतल्या छायाचित्रांवरची मापाची खूण वाटेत कोठे तरी गळून पडली, मोबाइलने संकेताप्रमाणे ते आकडे एसआरजीबीचे समजून वाचले, आणि जो तांबडा केवळ हिशेबापुरता होता तो प्रत्यक्ष रंगात उतरला. हिरव्या-निळ्यात तांबडा मिसळला की रंग राखेकडे झुकतो. बंगालच्या मणात लिहिलेला हिशेब मुंबईच्या मणाने वाचला गेला, आणि दोष पैठणीच्या माथी आला.

तिसरा पर्याय कोडॅक कंपनीने तयार केलेल्या प्रोफोटो आरजीबीचा. हा त्रिकोण इतका विस्तीर्ण आहे की, त्याची हिरवी आणि निळी टोके माणसाला दिसणाऱ्या रंगांच्या सरहद्दीपलीकडे पडतात. म्हणजे त्यातील काही आकडे असे आहेत की, ज्यांचा रंग कोणत्याही डोळ्याला कधीच दिसावयाचा नाही. या औदार्याची किंमत पायऱ्यांत मोजावी लागते. टेकडी उंच झाली आणि पायऱ्या २५६च राहिल्या, तर प्रत्येक पायरी उंच होते. तसेच क्षेत्र रुंदावले की शेजारच्या दोन छटांतील अंतर वाढते, आणि संध्याकाळच्या आभाळात जेथे रंगाने नकळत विरघळत जावे तेथे पट्टे उमटतात. म्हणून प्रोफोटोमध्ये काम करावयाचे ते १६ बिटांत, जेथे प्रत्येक रंगाला ६५,५३६ नोंदी मिळतात. आठ बिटांच्या जेपेगमध्ये त्याचा वापर करणे म्हणजे पट्ट्यांना आमंत्रण देणे होय.

चौथा आणि अलीकडचा पर्याय डिस्प्ले पी३. डिजिटल चित्रपटगृहांच्या प्रक्षेपणासाठी ठरविलेल्या क्षेत्रावरून ॲपल कंपनीने तो घेतला, आणि २०१५ साली संगणकाच्या व २०१६ साली आयफोनच्या पडद्यावर आणला. एसआरजीबीच्या तुलनेत त्याचे हिरवे टोकही पुढे आहे आणि तांबडेही. झेंडू, शेंदूर आणि कुंकू यांना त्यात अधिक मोकळीक मिळते. आज चांगल्या मोबाइलांपैकी अनेकांचे पडदे याच बेताचे असतात.

इतके पर्याय समोर आल्यावर सर्वांत मोठा तो सर्वांत चांगला असे मनाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु क्षेत्राच्या विस्ताराने छायाचित्रात एकही रंग आपोआप वाढत नाही. वाढते ती केवळ रंग लिहून ठेवण्याची जागा. त्या जागेचा लाभ तेव्हाच होतो, जेव्हा दृश्यात तसे रंग असतात, आणि पाहणाऱ्याच्या पडद्याला किंवा कागदाला ते दाखविण्याची शक्ती असते. तेव्हा निवडीचा प्रश्न ‘मोठे कोणते’ असा न विचारता ‘हे छायाचित्र कोण पाहणार, आणि कशावर पाहणार’ असा विचारावा, म्हणजे उत्तर बहुधा आपोआप मिळते. नातलगांच्या मोबाइलवर जावयाचे असेल, कोणाला ईमेलने पाठवावयाचे असेल, तर एसआरजीबी. नेहमीच्या स्टुडिओत प्रती छापून घ्यावयाच्या असतील, तर त्यांनी दुसरे काही मागितले नसेल तोवर तेही एसआरजीबीच, कारण त्यांची यंत्रे बहुधा तेच अपेक्षितात. प्रदर्शनासाठी उत्तम कागदावर, रंगांच्या मापाची जाण असलेल्या मुद्रकाकडून छापून घ्यावयाचे असेल, तर ॲडोबी आरजीबीचा उपयोग आहे. मात्र तसे आधी त्याच्याशी बोलून घ्यावे.

कॅमेऱ्यातील पर्यायासंबंधी एक खुलासा आवश्यक आहे. तो पर्याय लागू होतो तो कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगला. छायाचित्र रॉ स्वरूपात घेतले, तर त्यात संवेदकाने टिपलेल्या प्रकाशाच्या कच्च्या नोंदी जशाच्या तशा राहतात, आणि त्या कोणत्या क्षेत्रात मांडावयाच्या हा निर्णय मागाहून, घरी, शांतपणे घेता येतो. ज्याला रंगांची आस्था आहे त्याने महत्त्वाच्या प्रसंगी रॉ घ्यावे हे उत्तम. जेपेगच घ्यावयाचे असेल, तर कॅमेऱ्यात एसआरजीबी ठेवणे शहाणपणाचे. ॲडोबी आरजीबी ठेवले असता अनेक कॅमेरे फाइलीच्या नावाच्या आरंभी एक अधोरेषा घालतात. जुन्या फाइली चाळताना ती दिसली तर माप कोणते ते तत्काळ ओळखता येते.

मापाची खूण म्हणजे फाइलीत साठविलेले आयसीसी प्रोफाइल. १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाने त्याचे स्वरूप ठरविले. सरकारी कागदावरील शिक्कामोर्तबाचे जे महत्त्व तेच छायाचित्रात या प्रोफाइलचे. फाइल साठविताना प्रोफाइल सोबत ठेवण्याची खूण कधीही काढू नये. संपादनाच्या प्रोग्राममध्ये दोन हुकूम जवळजवळ असतात, आणि त्यांत गल्लत करणारे पुष्कळ. एक ‘असाइन’, दुसरा ‘कन्व्हर्ट’. असाइन केले असता आकडे तेच राहतात आणि फक्त मापाचे नाव बदलते. दहा मुंबई-मणांच्या पोत्यावर ‘बंगाल मण’ अशी चिठ्ठी लावावी तसे, आणि म्हणून रंग बदलून जातात. कन्व्हर्ट केले असता माल नव्याने तोलला जातो. आकडे बदलतात, रंग राहतो. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जावयाचे असेल तेव्हा कन्व्हर्टच करावे. असाइनचा उपयोग खूण हरवलेल्या फाइलीला तिचे खरे माप परत देण्यापुरता.

मोठ्या क्षेत्रातून लहानात येताना जे रंग मावत नाहीत त्यांचे काय होते? दोन मार्ग आहेत. गवयाचा आवाज तारसप्तकात जेथवर पोहोचत नाही तेथे त्याने वरचे सारे स्वर एकाच स्वरावर आणून ठेवावेत, हा एक. आणि पट्टीच उतरवून गावे, म्हणजे स्वर खाली येतील पण त्यांचे परस्परांशी नाते टिकेल, हा दुसरा. छपाईच्या प्रोफाइलमध्ये दोन्ही मार्गांची सोय असते. ॲडोबी आरजीबीतून एसआरजीबीत येताना मात्र बहुधा पहिलाच मार्ग घडतो, सरहद्दीबाहेरचे रंग सरहद्दीवर छाटले जातात, आणि पैठणीच्या पदरावरील निरनिराळ्या छटा एकाच सपाट डागात मिसळून जातात. म्हणून रूपांतरापूर्वी अशा रंगांची तीव्रता हाताने किंचित उतरवून घ्यावी; डोळ्याला तो फरक जाणवत नाही, पण मीनाकारीतले बारकावे वाचतात.

आणि हे सारे करताना तराजूच खोटा असेल तर मापाची शिस्त व्यर्थ होय. पडदा अवाजवी उजळ किंवा निळसर असेल, तर माणूस जो दोष छायाचित्रात नाही तो सुधारू लागतो. पडद्यावर ठेवून रंग मोजणारे लहानसे उपकरण मिळते. त्याने पडदा काही महिन्यांच्या अंतराने जुळवून घ्यावा, आणि रंगांचे काम करताना खोलीतला उजेड एकसारखा ठेवावा.

जुन्या दप्तरखान्यात अस्सल दस्तऐवज रुमालात बांधून जपला जाई आणि बाहेर जाई ती नक्कल, ज्याच्या कामी जावयाची त्याला वाचता येईल अशी आणि दाखल्यासह. छायाचित्राच्या बाबतीत मला हीच वहिवाट पटली आहे. रॉ फाइल आणि त्यावरून रुंद क्षेत्रात, १६ बिटांत केलेले काम हे माझे अस्सल. ते घराबाहेर जात नाही. बाहेर जाते ती नक्कल, पाहणाऱ्याच्या मापात कन्व्हर्ट केलेली आणि प्रोफाइलची खूण असलेली. उद्या अधिक समर्थ पडदे आले तर अस्सलावरून नवी नक्कल काढता येईल. नकलेवरून अस्सल मात्र कधीच काढता यावयाचे नाही.

सुदैवाने लग्नाची ती छायाचित्रे मी रॉ स्वरूपातही ठेवली होती. वहिनींच्या घरी जाऊन मी मलमलीत गुंडाळलेली पैठणी कपाटातून काढवून घेतली, खिडकीच्या उजेडात संगणकाशेजारी पसरली, आणि एकेका छायाचित्राचा रंग तिच्याशी ताडून पाहत नव्या नकला तयार केल्या. पदरातील काही छटा मोबाइलच्या क्षेत्रात पूर्णपणे उतरल्या नाहीत, त्या उतरणारही नव्हत्या. पण राखेचा हात निघून गेला. वहिनी बराच वेळ एकदा पडद्याकडे आणि एकदा पैठणीकडे पाहत राहिल्या, मग पैठणीची घडी घालताना म्हणाल्या, “आता ओळखू येते.”